जंपिंग स्पायडर: हात-पाय भिंतीला लागूनही माणूस घसरतो का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीतल्या एका निंजा जिममध्ये, म्हणजे टीव्हीवरच्या 'निंजा वॉरिअर'सारख्या अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव होतो तिथे, तुम्ही वर्षभर जाताय. वय 34, उंची 5 फूट 4 इंच, वजन 68 किलो. वार्प्ड वॉल, म्हणजे ती वर जाता जाता आपल्याच अंगावर येणारी वक्र भिंत, तुम्ही दहापैकी सात वेळा चढता. पण जंपिंग स्पायडर या दोन भिंतींमधल्या अडथळ्यावर गाडी अडली आहे. ट्रॅम्पोलिनवरून उडी बसते, हात भिंतींना लागतात, पायही लागतात, आणि अर्ध्या सेकंदात तुम्ही घसरत खाली मॅटवर. एक मित्र म्हणतो छाती आणि खांद्यांत जोर कमी पडतो, दुसरा म्हणतो उंचीच कमी आहे, नाद सोड. दहा आठवड्यांनी जिमची हौशी स्पर्धा आहे आणि नाव द्यावं की नाही ते ठरत नाही.

मी लहानपणी सांगलीत मल्लखांब केला आणि गेली अकरा वर्षं टेक्सासमध्ये तुमच्या या निंजा खेळाचं प्रशिक्षण देते. तुम्ही सांगितलंत तसं अगदी शब्दशः सांगणारी माणसं माझ्याकडे दर महिन्याला येतात. त्यांतल्या बहुतेकांची ताकद पुरेशी असते. तुमचीही असावी, कारण वार्प्ड वॉलच्या कडेला बोटं अडकवून 68 किलो वर ओढणारा माणूस अशक्त नसतो. तुमची अडचण भिंतीला चिकटून राहण्यात नाही, भिंतीपर्यंत पोचण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही तिथे पोचता तेव्हा वेग नको तितका असतो, उंची हवी त्यापेक्षा कमी असते आणि अंगाचा आकार अजून तयार झालेला नसतो. एवढं सगळं हातापायांनी अर्ध्या सेकंदात सावरायचं म्हटलं, तर कितीही जोर असला तरी अपुराच पडेल.

ज्यांना हा अडथळा नुसता नावाने माहीत आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. समोरासमोर दोन उभ्या, समांतर भिंती. मध्ये पोकळी, खाली टीव्हीवर पाणी आणि जिममध्ये जाड मॅट. धावत यायचं, छोट्या तिरक्या ट्रॅम्पोलिनवरून उडी मारायची, आणि हवेतच हात-पाय फाकवून दोन्ही भिंतींमध्ये स्वतःला पाचरीसारखं अडकवायचं. मग कोळ्यासारखं सरकत पलीकडे जायचं. मूळ जपानचं. टीबीएस वाहिनीवर 1997 साली 'सासुके' हा अडथळ्यांच्या शर्यतीचा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या सुरुवातीच्या पर्वांमध्ये स्पायडर वॉक होता. त्यात उडी नव्हती, कडेवरून पाय टाकून आत शिरायचं. 'जंपिंग' हा शब्द पुढे लागला आणि अडथळ्याचा स्वभावच बदलला. पुढे त्याच कार्यक्रमाच्या अमेरिकी आवृत्तीत, 'अमेरिकन निंजा वॉरिअर'च्या लास व्हेगासमधल्या अंतिम फेरीत, पहिल्या टप्प्यात, हा अनेक पर्वं होता.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा अडथळा लहानपणी घरातच केलेला आहे. दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना हात-पाय रोवून वरपर्यंत चढायचं आणि खालून आईचा ओरडा खायचा. वाड्याच्या अरुंद बोळातही पोरं हेच करायची. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारे दोन कातळांमधल्या अशा फटीला चिमणी म्हणतात आणि तीही याच तत्त्वावर चढतात. म्हणजे अडकून राहणं शरीराला ठाऊक असतं. चौकटीत आपण उभ्याउभ्या शिरायचो, इथे उडत यायचं असतं, आणि सगळी गंमत त्या एका फरकात आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

भिंत उभी आहे, म्हणजे पाय ठेवायला खाच नाही, कड नाही. तुम्हाला वर धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, घर्षण. घर्षण किती मिळणार हे दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही भिंतीला किती जोराने बाहेर ढकलता, आणि बुटाचा तळ व भिंत यांची पकड कशी आहे. पकड चांगली असेल, समजा घर्षणाचा गुणांक (पकडीचं माप) 0.7, तर 68 किलोच्या माणसाला नुसतं स्थिर राहायला प्रत्येक बाजूच्या भिंतीवर साधारण 49 किलोएवढा दाब द्यावा लागतो, हात आणि पाय मिळून. बुटाच्या तळाला धूळ किंवा खडूची पूड लागून तोच गुणांक 0.4 वर आला, तर लागणारा दाब 85 किलोवर जातो. माणूस तोच, भिंत तीच, आणि काम जवळजवळ पावणेदोन पट. म्हणून माझ्याकडे कोणीही 'ताकद कमी पडते' म्हणालं की मी पहिल्यांदा बूट उलटा करून बघते.

हे झालं स्थिर राहण्याचं. तुम्ही तर उडत येता. समजा तुमच्या उडीचा सर्वांत वरचा बिंदू होऊन गेला, तुम्ही 30 सेंटिमीटर खाली आलात आणि मग हात-पाय भिंतीला लागले. एवढ्याशा पडण्यात खाली जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 2.4 मीटर होतो. तो वेग 0.15 सेकंदात थांबवायचा तर घर्षणाला तुमच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त भार पेलावा लागतो. त्यात पुढे जाण्याचा वेग वेगळाच. पावसात घाटातून दुचाकी चालवणाऱ्यांना हे पटकन समजेल. टायरची पकड ठरलेली असते. ती वळायला वापरा नाहीतर ब्रेकला. दोन्ही एकदम मागितलं की गाडी खाली. इथेही भिंतीची पकड ठरलेली आहे. तिचा मोठा हिस्सा तुम्हाला पुढे घसरण्यापासून अडवण्यात गेला, तर वर धरून ठेवायला काय उरणार?

याउलट उडीच्या अगदी शिखरावर, जिथे वर जाणं संपलंय आणि खाली येणं सुरू झालेलं नाही, तिथे खाली जाण्याचा वेग शून्य असतो. त्या क्षणी भिंत पकडली तर घर्षणाला फक्त वजन पेलायचं असतं. जमणाऱ्यांना आपण 'किती सहज चिकटला' म्हणतो, पण तो चिकटलेला नसतो, योग्य वेळी पोचलेला असतो.

आणि नेमकी इथेच तुमची वार्प्ड वॉल तुमच्या विरोधात जाते. 'सासुके'त 2000 साली आल्यापासून त्या भिंतीने हा खेळ जगभर ओळखीचा केला, आणि जिममध्ये प्रत्येक जण आधी तीच शिकतो. तिथे वेग हा मित्र असतो. जितकं जोरात धावाल तितकं वर जाल, वक्राकार भाग तुमचा आडवा वेग उभ्या वेगात वळवून देतो. जंपिंग स्पायडरमध्ये असा वळवून देणारा कोणी नाही. ते काम ट्रॅम्पोलिनवर, एका ठोक्यात, तुम्हाला करायचं असतं. दहापैकी सात वेळा वार्प्ड वॉल चढणाऱ्या माणसाच्या पायांना धावत सुटायची सवय असते. तो स्पायडरकडेही तसाच सुटतो, उडी लांब जाते पण उंच जात नाही, आणि तो खाली येतानाच भिंतींमध्ये शिरतो. तुमची उडी मी पाहिलेली नाही, तरी दहा ठिकाणी पाहिलेलं हेच चित्र असणार असं मला वाटतं.

म्हणून पहिला बदल: धाव कमी करा. पूर्ण वेगाऐवजी साठ-सत्तर टक्के. शेवटचं पाऊल छोटं आणि खालून, म्हणजे उंच उसळून ट्रॅम्पोलिनवर पडू नका. दोन्ही पाय एकदम, कापडाच्या मध्याच्या जरा पुढे. गुडघे फार वाकवू नका. ट्रॅम्पोलिन आपल्याला परत फेकतं ते अंग ताठ असेल तरच. गुडघ्यांत दबलात की त्याचा सगळा जोर तुम्हीच गिळून टाकता. हात खालून वर, कानांपर्यंत. नजर भिंतींच्या वरच्या कडेकडे, खालच्या मॅटकडे अजिबात नको, कारण मान खाली गेली की छाती खाली जाते आणि उडी चपटी होते.

दुसरा बदल आकाराचा. घाबरलेलं शरीर हवेत गोळा होतं, गुडघे जवळ येतात. हा दोष नाही, आपल्याला जिवंत ठेवणारी सवय आहे, पण इथे ती मोडावी लागते. पाय भिंतीपाशी पोचल्यावर फाकवायचे नसतात, ट्रॅम्पोलिन सुटताक्षणी फाकवायला घ्यायचे असतात. मी मुलांना सांगते, 'आधी कोळी हो, मग भिंतीला लाग.' हात आणि पाय एकाच वेळी लागले पाहिजेत. हात आधी लागले आणि पाय मागून आले, तर अंग हातांवर झोपाळ्यासारखं पुढे झुलतं, पाय वर-पुढे जातात आणि तळवे भिंतीवरून सोलून निघतात. तुम्ही लिहिलंय 'हात लागतात, पाय लागतात'. याच क्रमाने लागत असतील, तर तुमच्या वाक्यातच उत्तर आहे.

तिसरी गोष्ट बसण्याची, आणि तुमच्या उंचीचा खरा हिशोब इथे आहे. तुमच्या जिममधलं अंतर तुम्ही चार फूट लिहिलंय, म्हणजे साधारण 122 सेंटिमीटर. खुब्याच्या सांध्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर प्रत्येक बाजूला जवळपास 52 सेंटिमीटर धरू. तुम्ही पाय सरळ ठेवून, उभे असल्यासारखे अडकलात, तर खुबा पावलांच्या सुमारे 61 सेंटिमीटर वर राहतो. शाळेतल्या त्रिकोणाच्या हिशोबाने, पाय नुसत्या तिरक्या टेकूसारखा काम करत असेल तर न घसरण्यासाठी पकडीचा गुणांक 61 भागिले 52, म्हणजे 1.17 तरी हवा. एवढी पकड कोणत्याही साध्या बुटाला त्या भिंतीवर मिळत नाही. आता गुडघे वाकवा, खाली बसा, खुबा पावलांच्या 34 सेंटिमीटर वर आणा. 34 भागिले 52 म्हणजे 0.65. ही पकड स्वच्छ रबरी तळाला मिळू शकते.

हिशोब ढोबळ आहे. हातांचा वाटा यात धरलेला नाही, मांडीचे बाहेरचे स्नायू पाय बाहेर ढकलून जो जादा दाब देतात तोही नाही. पण दिशा बरोबर आहे: जितकं उभं राहाल तितकं घसराल, जितकं बसाल तितकं अडकाल. माझ्याकडे सहा फुटांचा एक मुलगा होता, खडकावर चढणारा, बोटांत लोखंड. तो प्रत्येक वेळी घसरायचा, कारण लांब पाय सरळ ठेवायचा, आणि त्याच्या उंचीला त्याच अंतरात सरळ पायांनी लागणारी पकड 1.5 च्या घरात जाते. त्याला आम्ही दीड तास फक्त 'बस, अजून बस' एवढंच सांगितलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा टिकला.

म्हणजे चार फुटांच्या अंतरात तुमची उंची आड येत नाही, किंबहुना थोडी सोयीचीच आहे. अंतर वाढत गेलं की मात्र चित्र उलटतं, आणि हे मान्य करायला हवं. रुंद पोकळीत बुटक्या माणसाचे पाय जवळजवळ आडवे होतात, हात पूर्ण ताणले जातात, कोपरात वाकायला जागा उरत नाही, आणि ताणलेला हात ढकलू शकत नाही. 2014 मध्ये डॅलसला केसी कॅटनझारो ही पाच फूट उंचीची जिम्नॅस्ट अमेरिकन स्पर्धेत वार्प्ड वॉल चढणारी पहिली स्त्री ठरली. 14 फुटांची भिंत! आम्ही सगळे पडद्यासमोर उभे राहून ओरडत होतो. त्याच वर्षी लास व्हेगासला ती जंपिंग स्पायडरवर बाद झाली. तिच्या ताकदीबद्दल किंवा कौशल्याबद्दल शंका घेण्यासारखं काहीच नव्हतं. दोन भिंतींमधल्या अंतराला हाता-पायांचा पल्ला लागतो, आणि तो सरावाने वाढत नाही. दोन वर्षांनी, 2016 मध्ये, जेसी ग्राफ हा पहिला टप्पा पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. ती उंच आहे. हे सांगते ते तुम्हाला नाउमेद करायला नाही. स्पर्धेच्या दिवशी आधी टेप लावून अंतर मोजा, एवढंच सांगायचं आहे. चार फूट असेल तर काळजी नको. पाचाच्या वर असेल तर दोन्ही भिंतींना बसलेल्या आकारात पोचण्यासाठी तुम्हाला मांड्यांची लवचिकता बरीच लागेल.

इथवर जे झालं ते एकत्र धरा: तुम्ही बहुधा वेगात आणि खाली येताना शिरता, हातांनी आधी पकडता आणि पाय सरळ ठेवता. यातली प्रत्येक चूक दुसरीला वाढवते, आणि तिन्ही मिळून जे होतं त्याला तुमचे मित्र 'ताकद कमी' म्हणतात.

स्नायूंचं थोडं बोलते, कारण त्यातही एक फसगत आहे. मल्लखांबातून आलेली मुलं माझ्याकडे येतात, मीही त्यातलीच. खांबावर अढी घालताना, म्हणजे पायांनी खांब पकडताना, मांड्या आत दाबायच्या असतात, त्यामुळे आमचे आतले स्नायू दगडासारखे होतात. शिवाय तिथे खांबाला एरंडेल लावतात, कातडी सोलू नये म्हणून घर्षण कमी करतात. इथे सगळंच उलटं. घर्षण जास्तीत जास्त हवं आणि मांड्या बाहेर ढकलायच्या. पहिले काही महिने मला कळतच नव्हतं की इतका सराव असलेलं अंग इथे का थरथरतं. कारण खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू मी कधी वापरलेच नव्हते. तुमचा बेंच प्रेसही इथे फारसा कामाला येणार नाही, तो हात पुढे ढकलतो, बाजूंना नाही. त्याऐवजी गुडघ्यांवर रबर बँड लावून खाली बसून आडवं चालणं, कुशीवर पडून वरचा पाय सावकाश उचलणं, आणि रुंद पायांची खोल बैठक धरून ठेवणं, आठवड्यातून तीनदा. सोबत उपविष्टकोणासन (पाय फाकवून बसून पुढे वाकणं) रोज, दोन मिनिटं, रेटून नाही. जांघेतला स्नायू या खेळात सर्वांत आधी दुखावतो आणि बरा व्हायला आठवडे घेतो.

सरावाचा क्रम मी असा लावते. पहिले दोन आठवडे ट्रॅम्पोलिनला हातच लावायचा नाही. खोका ठेवून भिंतींमध्ये सावकाश शिरा, बसा, आणि अर्धा मिनिट टिका. इथे टिकता येत नसेल तर उडी मारून टिकणं शक्यच नाही. हात खांद्यांच्या जरा पुढे आणि किंचित खाली, कोपरं थोडी वाकलेली, बोटं वर. मुद्दाम थोडं उभं राहून पाहा, घसरायला कुठे लागतं ते कळेल. मग पुन्हा बसा. हा फरक अंगाला कळला की अर्धं काम झालं.

मग त्याच खोक्यावरून छोटी उडी. फूटभराची, समोर नाही, वर. लागण्याआधी आकार. ट्रॅम्पोलिनचा सराव याच आठवड्यांत वेगळा करायचा, भिंतींशिवाय, जाड मॅटवर: धाव, ठोका, वर, हवेत पाय फाकलेले, आणि मॅटवर उतरताना पाय पुन्हा जवळ. फाकलेल्या पायांनी जमिनीवर उतरू नका, गुडघे जातात. हे दोन्ही वेगवेगळे पक्के झाल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकत्र आणा, आणि सुरुवातीला ट्रॅम्पोलिन भिंतींच्या अगदी जवळ ठेवा. मग दर सत्राला वीतभर मागे. एका सत्रात दहा-बारा उड्यांपेक्षा जास्त नको. दमलेलं अंग पुन्हा जुनीच चूक गिरवतं.

प्रत्येक सत्रात कोणाला तरी बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. समोरून काढलेल्या चित्रात उंची कळत नाही. मग चित्र थांबवत तीन जागा बघायच्या: ट्रॅम्पोलिन सुटताना छाती उभी आहे का, डोकं सर्वांत वर असतानाच्या चौकटीत पावलं भिंतीला लागली आहेत का, आणि लागल्यानंतर कंबर गुडघ्यांच्या पातळीजवळ आली का. मधल्या चौकटीवरच बहुतेकांचा निकाल लागतो.

टिकायला लागलात की सरकणं आलं. याबद्दल फार लिहीत नाही, कारण टिकणाऱ्याला ते चार दिवसांत येतं. एकच गोष्ट लक्षात ठेवा. डाव्या भिंतीवरचा एकूण दाब आणि उजव्या भिंतीवरचा एकूण दाब सारखाच असावा लागतो, नाहीतर तुम्ही एका बाजूला ढकलले जाल. म्हणून डावा पाय उचलताना डाव्या हाताने जास्त रेटा द्या, उजवा पाय उचलताना उजव्या हाताने. नवखा माणूस बरोबर उलटं करतो, उचललेल्या पायाच्या विरुद्ध बाजूला कलतो, आणि सुटतो. पावलं छोटी, एका वेळी वीतभर. श्वास रोखून धरू नका.

बुटांचं: सपाट, मऊ रबराचा तळ, फार जाड नको. जिममध्ये आल्यावर बदलायचे, रस्त्यावर घालायचे नाहीत. प्रत्येक उडीआधी ओलसर फडक्याने तळ पुसून कोरडा करायचा. खडू हाताला लावा, पण बुटावर सांडू देऊ नका. भिंत कशाची आहे तेही बघा. वाळू मिसळलेला रंग लावलेल्या प्लायवूडवर जे चालतं ते गुळगुळीत प्लास्टिकवर चालत नाही. टीव्हीवरच्या शहरोशहरीच्या फेऱ्यांचं चित्रण पूर्वी रात्रभर चालायचं, त्यामुळे दव आणि अंगावर उडालेलं पाणी हेही हिशोबात यायचं. तुमच्या स्पर्धेत निदान छत असेल.

पडण्याचाही सराव करा. घसरताना लोक हात मागे टेकतात आणि मनगट घालवतात. घसरलात तर भिंतीशी झगडू नका, हात छातीशी घ्या, पाय जवळ आणा आणि मॅटवर गुडघे वाकवून उतरा. नडगी भिंतीवर आपटते, म्हणून लांब पायजमा किंवा नडगीवर पट्टा असू द्या. गुडघा किंवा खुबा आधीपासून दुखत असेल, तर ट्रॅम्पोलिनवर चढण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आता दहा आठवड्यांचा प्रश्न. नाव द्या. चार फुटांच्या अंतरात आणि तुमच्या आत्ताच्या ताकदीत हे दहा आठवड्यांत जमण्यासारखं आहे. अट एकच. पहिले दोन आठवडे खोक्यावरून शिरून बसण्याचं कंटाळवाणं काम खरंच करायचं. ज्यांना घाई असते ते थेट ट्रॅम्पोलिनवर जातात आणि दहाव्या आठवड्यात तिथेच असतात. स्पर्धेत स्पायडरच्या लगेच आधी कोणता अडथळा आहे तेही विचारून घ्या. तो हातांवर लटकण्याचा असेल तर स्पायडरपूर्वी दोन श्वास थांबा आणि हात झटका, तेवढा वेळ घड्याळातून गेला तरी चालेल.

तिसऱ्या आठवड्यात बाजूने काढलेलं चित्रण मला पाठवा. उडीचं नको, खोक्यावरून शिरून अर्धा मिनिट टिकल्याचं. कंबर कुठे आहे ते बघून पुढचं सांगेन.